शांताबाईंच्या तुरीच्या शेंगा

नागपूर, गुरुवार, १६ जानेवारी १९८६

सुनंदा आज बोलली. माझ्याशी नाही, शांताबाईंशी! आमच्या महिला केंद्रात झाडलोट आणि चहा करणाऱ्या शांताबाईंशी.

बलात्कारानंतर सुनंदा उमरेडहून याआधी चार वेळा आली. चारही वेळा मी, समुपदेशनाच्या प्रशिक्षणात शिकवलं तसं, समोर बसून तिच्या डोळ्यांत बघत "घाबरू नकोस, बोल" म्हणत राहिले. ती नुसती पदराचं टोक पिळायची. आज मी फोनवर बोलून परत येते, तर ती शांताबाईंजवळ खाली बसून तुरीच्या शेंगा सोलतेय आणि सगळं सांगतेय. शांताबाई मान वर न करता "हो वं बाई" एवढंच म्हणत होत्या.

आनंद व्हायला हवा होता ना? मी दारातच जळत उभी.

नंतर विचारलं, तर म्हणाल्या, "तुमी तिच्या तोंडाकडे पाहता न ताई, तिले लाज वाटते. मी तं शेंगाकडंच पाहून राहिली होती."

सोमवारी ती परत येणार. मीही शेंगा घेऊन खाली बसणार आहे. सुनंदासाठी, असं लिहायला घेतलं आणि पेन अडलं. कारण सोमवारी शांताबाईंना सुट्टी द्यावी, हेही मनात येऊन गेलंय.