चूक. उजवा.

बर्नी, टास्मानिया
मंगळवार

प्रिय रॉय,

मॅटवर उतरताना वाकतो तसा कमरेतून वाकून नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे अर्धाच वाकलोय. उरलेला तू धरून चाल.) तिकडे क्वीन्सलंडात, बंडाबर्गला उकाडा असेल. इकडे वारं असं सुटलंय की क्लबच्या दारावरची पाटी पुन्हा उडाली आणि शेजारच्यांच्या कोंबड्यांत जाऊन पडली. तुझी तब्येत कशी आहे हे विचारायला मला तोंड नाही, तरी विचारतो.

पत्र कागदावर पाहून तू हसशील. काय करू? आपल्या ज्युदोवाल्यांच्या ग्रुपमधून तुला बाहेर काढायला एक बटण पुरलं, पण परत आत कसं घ्यायचं ते मला सापडेना. वाचनालयातली मॅरियन दोन दिवस शोधतेय. म्हणते, "नेव्हिल, माणसाला हाकलण्याआधी परत बोलवायचं शिकून घ्यायचं असतं." बाई शहाणी आहे, पण मी तिच्याकडे उशिरा गेलो.

ग्रुपचे नियम तुला माहीत आहेत. (चौदा पानं आहेत. ती कुणीच वाचली नाहीत, असं आता कळतंय.) आधी नमस्कार, मग आपला पट्टा आणि गुरूचं नाव, मग निदान तीन पूर्ण वाक्यं, शेवटी आभार. आखाड्यात आपण समोरच्याला आधी वाकतो आणि मग आपटतो, आणि इथे लोक ओळखदेख नसताना थेट एकमेकांचे बाप काढत होते, म्हणून हे सगळं. ते थांबलं, हे कौतुक दुसरं कुणी करत नाही तर मीच करून घेतो. मग फेब्रुवारी संपता संपता तू सुरू झालास. खांद्यावरून फेकायच्या डावावर मी अडीच पानं लिहिली, कुठला पाय आधी टाकायचा ते उगाळून उगाळून सांगितलं, आणि खाली तुझं उत्तर: "चूक. उजवा." आगा नाही, पीछा नाही! चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर एका मॅटवर हाडं मोडून घेतली, तो क्वीन्सलंडला जाऊन माजला, असंच वाटलं मला. लोक गालात हसायला लागले. अकरा वेळा "चूक" झालं. बाराव्या वेळी मी बटण दाबलं, तुझी सगळी उत्तरं पुसून टाकली आणि जाहीर केलं की नियमापुढे मित्र नाही. फार शूर वाटलं होतं रे तेव्हा.

त्याच आठवड्यात लॉन्सेस्टनच्या मिसेस टिलयार्ड माझा लेख वाचून, मी सांगितल्याप्रमाणे डावा पाय आधी टाकून, आपल्या नवऱ्याला फेकायला गेल्या. नवरा-बायको दोघंही काचसामानाच्या कपाटात. त्याचं मनगट दुखावलं, सासूच्या ताटल्या गेल्या त्या वेगळ्याच. तुझे दोन शब्द त्यांनी वाचले असते तर वाचले असते बिचारे. ते मी सभ्यतेखातर पुसले होते.

रविवारी लिनेटचा फोन आला. तुझी लेक म्हणजे तुझाच तोंडावळा, आवाजसुद्धा. म्हणाली, "नेव्हिलकाका, बाबांनी सांगू नका म्हणून हट्ट धरला होता, पण आता सांगते. फेब्रुवारीत झटका आला. उजवी बाजू गेली. तुम्हाला लिहायचे ते डाव्या हाताच्या एका बोटानं. एका शब्दाला वीस मिनिटं लागायची." मग म्हणाली, "तेवढाच त्यांचा व्यायाम होता हो. तुमचं लिहिलेलं वाचलं की असे चिडायचे, की आपले आपण उठून बसायचे. आता भिंतीकडे तोंड करून पडून असतात. जेवायलाही उठत नाहीत."

रॉय, मी फोन ठेवला आणि रडलो. या वयात, स्वयंपाकघरात, चहा गार होईपर्यंत. नमस्कार लिहायला तुला आणखी वीस मिनिटं लागली असती, आभारांना आणखी वीस, मधल्या तीन वाक्यांना तर कित्येक तास. त्यात तुझा सबंध दिवस गेला असता, गाढवा! आणि मी इथे खुर्चीत बसून तुझी वाक्यं मोजत होतो. मला अडीच पानांत जे नीट सांगता आलं नाही, ते तू दोन शब्दांत सांगितलंस. वर आजारही लपवलास; माझी लाज राखायला की स्वतःची, ते तुझं तुला ठाऊक. मला माफ कर.

लिनेटला आशीर्वाद. पत्र तिनेच वाचून दाखवावं, माझं अक्षर तिला लागतं.

तुझा,
नेव्हिल

ता.क. आत्ताच मॅरियनचा निरोप आला, दार उघडलं. तू परत ग्रुपमध्ये आहेस. चौदा पानं मी काढून टाकली. पाय-फटक्याच्या डावावर नवा लेख टाकलाय आणि तुझ्यासाठी त्यात मुद्दाम चुका घातल्यात. शोधून काढ.

ता.क. २. खरं सांगतो, मुद्दाम घातलेल्या तीनच आहेत. बाकीच्या कुठल्या ते मला कळत नाही, आणि आता इथे मला सांगणारं कुणी उरलं नाही. उठून बस रे. एकच शब्द लिही. नमस्कार नको.