शौर्य कोणत्या पानावर

मेढा

ती. मंगलअक्कास,

मानसिंगचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? आमच्या घरच्या प्रकृती उत्तम. हे आता छापील कागदावरून सांगतो.

आमचा इंद्रजित भरतीला जात नाही म्हणतो. तुझ्या सांगलीला नर्सिंग शिकायचं म्हणतो. आबा फौजेत, मी फौजेत, आणि हा लोकांना सुया टोचणार. मी म्हटलं, शौर्य रक्तात असतं, आणि पुरावा मागवला. पुण्याची एक कंपनी थुंकीवरून माणसाचे गुण सांगते. नळी आली. सूचना अशी की, अर्धा तास आधी खाणं, पिणं, तंबाखू बंद. (पेन्शनीत आल्यापासून माझा असा अर्धा तास झालेला नाही.) मी बारा मिनिटं टिकलो. मग लीला म्हणाली, "आवं, आणा हिकडं," आणि तिनं नळी भरून दिली. नवराबायको एकच, असं लग्नात भटजी म्हणाले होते. मी वर माझं नाव घातलं.

रिपोर्ट आला तो थेट स्टँडवरच्या चहाच्या टपरीत नेला. तिथं आमचे पाच माजी सैनिक रोज बसतात. मोठ्यानं वाचला. कडू चव फार जाणवते. दूध पचतं. कानातला मळ ओला. जोरात पळण्याला स्नायू बरे असावेत, पण खरं काम सरावाचं. प्रत्येक ओळीला मी छाती काढत होतो (मळालासुद्धा). त्यातल्या कृष्णातनं हातातून कागद घेतला आणि मी न वाचताच उलटलेलं पहिलं पान वाचलं.

"मानसिंगा, हितं तर स्त्री लिवलंय की रं."

चहा गार झाला. त्यांचा नाही, माझा.

कंपनीला फोन लावला. तिथली पोरगी म्हणाली, "काका, नमुना कुणाचा होता?" म्हटलं, ते राहू दे, शौर्य कोणत्या पानावर आहे? ती म्हणाली, "ते थुंकीत सापडत नाही, काका. डोळ्यांचा रंग विचारा, अंदाज सांगते." भित्रेपणा विचारला. तोही सापडत नाही म्हणाली. इंद्रजित शेजारी बसून उशीत तोंड खुपसून हसत होता.

असो. जनुकांवरचा माझा विश्वास उडाला. तंबाखूवरचा शाबूत आहे.

तुझा धाकटा,
मानसिंग

ता. क. इंद्रजित सोमवारी तुझ्याकडे येतोय. प्रवेश मिळालाय. तीन वर्षं ठेवून घे. मी अजून रागात आहे असंच त्याला सांग.

आणखी एक. काल ओसरीवर पाल पडली. मी खाटेवर उभा राहिलो. इंद्रजितनं तिला अलगद त्या रिपोर्टात धरून घरामागच्या परड्यात सोडलं. तू थोरली, तुला आठवत असेल. आबा पालीला भ्यायचे का? खरं लिही. कार्डावर नको, पाकिटात घाल. पोस्टमन कृष्णातचा मेव्हणा आहे.