खाडीवर काढलेला सदरा

म्हसळा, २८ ऑगस्ट २०२५

प्रिय आई,

आज दीड दिवसाचा गणपती खाडीत पोचवला. पाण्यात उतरताना मी एकटाच सदरा घालून होतो. धर्माजीकाका ओरडले, "आरं प्रणय, काढ की! बायकांसारका लाजतोस काय?"

मी काढला. छातीची डावी बाजू सपाट, त्यावर आडवा व्रण.

"वैनीला झालेला तोच कॅन्सर?" काका हळूच म्हणाले. "बाप्या माणसाला?"

अठ्ठाविसाव्या वर्षी मला स्तनाचा कॅन्सर, हे ऐकून मीही डॉक्टरांना हेच विचारलं होतं. अजून खरं वाटत नाही. तू लाजून गाठ लपवलीस आणि गेलीस, म्हणून मी लगेच दाखवली. केमो संपली. मी आहे.

घरात कुणी नाही. आता कुकर लावतो.

तुझा
प्रणय