पुढच्या पत्र्याला दोन भोकं

६ मार्च, धडगाव

दुपारी पुन्हा बंद पडलं. डोंगरावरून वाट उतरते, वळण घेते, नदी दिसायला लागते आणि नेमका तिथे पडदा काळा. दरवेळी तिथेच. मशीन एकेक चित्र रंगवत पुढे जातं. पाण्यावरचा उजेड रंगवायला त्याला फार वेळ लागतो, तोवर कॉम्प्युटरचा डबा तापतो आणि आपलं आपण बंद होतं.

रुमलीबाई शेजारी बसल्या होत्या. आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात असतात, मुलांची जेवणं आटोपली की थोडा वेळ माझ्या खोलीत येतात. त्यांचं माहेरचं गाव नर्मदेच्या काठी, मणिबेलीच्या वरच्या अंगाला. धरणाचं पाणी चढलं त्यात गेलं. दिवाळीनंतर एकदा परातीतल्या पिठात बोटानं त्यांनी मला घर काढून दाखवलं. इथे ओटा, इथे गुरं, इथे चूल. मी चित्रकलेचा मास्तर. म्हटलं, हे कॉम्प्युटरवर उभं करू. तेव्हापासून चाललंय.

"गेलं का सर परत?"

"गेलं."

"पाणी आलं की जातंच," म्हणाल्या आणि भांड्यांकडे निघून गेल्या.

८ मार्च

डब्यावर हात ठेवला, तव्यासारखा. वर खोलीचा पत्रा, तोही तापलेला. बाजूचं झाकण काढून टेबलफॅन लावला तर थोडं जास्त चाललं. पण आत धूळ, मुंग्या, शिवाय पाली आहेतच खोलीत. हे काही खरं नाही.

तेजसला पुण्याला फोन. कॉम्प्युटर त्याचाच, कॉलेजात असताना स्वतः जोडलेला. नवा घेतला तेव्हा हा मला दिला. म्हणाला, "पप्पा, त्याच्या पुढच्या बाजूला नुसता पत्रा आहे, हवा आत जाणार कुठून? दोन गोल भोकं पाडा, दोन पंखे बसवा."

"मी?"

"नाहीतर नवं कॅबिनेट घ्या."

मी म्हटलं बघतो. खरं तर त्याच्या हातचा डबा टाकायला मन होत नाही.

संध्याकाळी खाटेवर पडून होतो. डोळे मिटले की तीच वाट उतरतो. कधी न पाहिलेलं गाव, आणि मला तिथला ओटा पायाखाली लागतो. गार.

११ मार्च

मोह फुललाय. सगळ्या गावात तो वास, गोडसर, थोडा आंबलेला. मुलं शाळेत येताना खिशात फुलं घेऊन येतात.

रु.बाईंना आज घरामागचं चित्र दाखवलं. बराच वेळ बघत राहिल्या.

"हा मोह इथं नव्हता सर. खाली होता. नाल्याच्या अंगाला."

"तुम्हीच तर वर सांगितला होता."

"मी?" पडद्याशी वाकल्या. मग, "दित्याला माहीत."

दित्या कोण ते विचारलं. धाकटा भाऊ. इतक्या महिन्यांत नाव पहिल्यांदा निघालं. पाणी चढलं तेव्हा तो आईला घेऊन खाली सपाटीवर गेला, तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतीत. रु.बाई लग्न करून या वरच्या पाड्यात दिलेल्या, त्या इथेच राहिल्या. आई खाली वारली, पावसाळ्यात. घाटात दरड आली होती. निरोप पोचला तोवर सगळं उरकलं होतं. तेव्हापासून भावाच्या दारात गेल्या नाहीत.

"माझी वाट नाही बघितली त्यानं," एवढंच. आवाज चढला नाही, उतरलाही नाही.

१४ मार्च, शहादा

होळीसाठी घरी. पंखे मिळाले. हार्डवेअरच्या दुकानात पंख्याच्या मापाची गोल करवत मागितली. माणूस म्हणाला, दाराला कुलूप बसवायचंय का? म्हटलं, नाही, हवा आत घ्यायची आहे. विचित्र बघितलं माझ्याकडे.

जेवताना बायको, रेखा, म्हणाली, "घर ईसन बी तुम्हनं ध्यान तठेच शे."

खरं आहे. घरी येऊनही मी ताटात वाट आखत होतो.

मग म्हणाली, "पोऱ्याना डबा शे तो. बिघाडू नका." थोड्या वेळानं, "मले बी दखाडा ते गाव." फोनवरची दोन-चार चित्रं दाखवली. ती पुरुषोत्तमनगरात वाढलेली, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. तिला डोंगर म्हणजे गाडीच्या खिडकीतून दिसणारी निळी रेघ. एकेका चित्रावर थांबत होती. मला बरं वाटलं.

१६ मार्च

आज मोटरसायकल काढून वसाहतीत गेलो. दित्याचं घर सापडलं. सिमेंटचं, पुढे हातपंप, कडेला तुरीच्या काड्यांचा ढीग. माणूस बारीक, बहिणीसारखंच बघणं, थेट आणि हळू. मी कोण, कशाला आलो, सांगितलं. चित्रं दाखवली. फोन हातात घेतला त्यानं आणि तसाच धरून राहिला, पुढचं चित्र बघायला बोट लावलं नाही. बायकोनं चहा आणला, तो गार झाला.

"मोह वर होता. गोठ्याच्या मागं."

"बाई म्हणतात खाली."

"ती तर सासरी गेली होती." मग म्हणाला, "बरी आहे का ती?"

"बऱ्या आहेत. तुम्ही या एकदा धडगावला. पूर्ण झालं की बघायला."

"बघू."

नंबर दिला मात्र. तिथूनच धडगावला निघालो, घाटात गाडी चालवताना डोकं हलकं झालं होतं. वळणांवर पळस पेटलेला. दोन मोह डोक्यात, एक वर, एक खाली, आणि दोन्हींखाली फुलं पडतायत.

१९ मार्च, धडगाव

शाळा सकाळची. दुपारी आतलं सगळं काढलं. बोर्ड, तारा, डिस्क, एकेक खाटेवर चादरीवर मांडलं. कुठली तार कुठे होती त्याचे फोटो काढले. रिकामा डबा उचलला तर हातात काहीच नाही. इतकी सगळी नदी यात मावली होती.

शटर बनवणाऱ्याकडून ड्रिल मशीन आणलंय. कागदावर पंख्याचं माप काढून कागद पत्र्यावर चिकटवला. मधोमध खूण केली. ड्रिल टेकवून बटण दाबलं आणि टोक सरकलं, घसरत थेट कडेपर्यंत. काळ्या रंगावर पांढरा ओरखडा. रेखाचे शब्द कानात. थोडा वेळ ओसरीत जाऊन बसलो.

मग खिळा घेतला, खुणेवर ठेवून हातोडी मारली. बारीक खळगा पडला. त्यात ड्रिलचं टोक धरलं तर गपचूप आत गेलं. एवढंच होतं. पहिलं छोटं भोक पडलं. त्यापुढे धीर झाला नाही.

२० मार्च

गोल करवत. सुरुवात बरी, मग एका बाजूला अडकली आणि सगळं ड्रिल हातात फिरलं. मनगट दुखतंय. घाई केली. करवतीला गोडेतेल लावलं, डब्याखाली लाकडाचा ठोकळा दिला, गुडघ्यांत धरला आणि थांबून थांबून, दाब न देता. आवाज कर्कश, त्यात पुढेपुढे एक सूर लागला. तेलाचा धूर. हात आपोआप चालत होता आणि मी बहुधा तिथे नव्हतो. कुणाच्या तरी ओट्यावर बसून लांबून हा आवाज ऐकत होतो.

मग आवाज एकदम मोकळा झाला. गोल चकती ठणकन फरशीवर पडली, फिरत फिरत थांबली. भोकातून बघितलं, दारात रु.बाई उभ्या.

"पोरं अनवाणी येतात इथं," म्हणाल्या. खोलीभर लोखंडाचा कीस. मी झाडू घ्यायला गेलो तर त्यांनी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक कापडात गुंडाळून आणलं आणि उकिडवं बसून सगळी फरशी पुसून काढली. मीही बसलो. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "गेला होता का तिकडं?"

"गेलो होतो."

"कसा आहे?"

"बारीक झालाय."

"तो लहानपणीच बारीक," म्हणाल्या. कापड झटकलं.

२२ मार्च

दुसरं भोकही पडलं, जरासं तिरकं. स्क्रूची छिद्रं पंख्याशी जुळेनात. कानस घेऊन बसलो. कडा घासायच्या, बोट फिरवून बघायचं, पुन्हा घासायच्या. एवढं मन लावून बरेच दिवसांत काही केलं नव्हतं. मुलांना वर्गात फुलदाणी काढायला लावतो, तेव्हा इतकं कुठे बघतो मी.

बोट कापलं. थोडंसं. पट्टी बांधून पुन्हा.

२३ मार्च

पंखे बसले. बोर्ड, तारा सगळं जागच्या जागी. डब्यात कुठे कीस राहिला असेल या भीतीनं एकेक कोपरा पुन्हा बघितला. बटण दाबलं. चालू. पंखे फिरू लागले.

पण तापमान तेवढंच. उदबत्ती लावून भोकापुढे धरली तर धूर माझ्या तोंडावर. पंखे उलटे लावलेत, हवा बाहेर फेकतायत. आठही स्क्रू काढले, पंखे फिरवून बसवले. आता धूर सरळ रेघ होऊन आत शिरला. कितीतरी वेळ नुसता बघत बसलो. खोलीतला तो वास, ती रेघ, मशीनची बारीक घरघर. बाहेर कुणीतरी मोह वाळत घातलेला.

वाट सुरू केली. उतरली. वळण. नदी आली. चालू राहिलं.

२५ मार्च

रु.बाईंनी पाणी पाहिलं. संध्याकाळचा उजेड ठेवलाय मी, पाणी हलतंय. पदर तोंडाशी धरून बसल्या. "आवाज नाही याला?" म्हटलं, नाही अजून.

"तिथं आवाज होता. झोपतानाही."

मोह दित्यानं सांगितला तिथे ठेवला होता, गोठ्यामागे. तो दिसल्यावर, "हे खोटं. त्याला काय आठवतं." उठल्या. दारातून वळून म्हणाल्या, "बोलवा त्याला. समोर सांगू दे."

मी लगेच फोन लावला. तो ऐकून घेत होता. शेवटी, "ती म्हणाली असं?"

"हो."

"बरं."

६ एप्रिल

आज रविवार. दित्या आला. सकाळच्या जीपनं, स्वच्छ धुतलेला शर्ट, पिशवीत पपया. रु.बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला, त्यानं घेतला.

खोलीत तिघं. मी चालू केलं. वाट उतरू लागली. पहिल्या घराशीच दित्या काहीतरी बोलला, पावरीत. तिनं उत्तर दिलं. मग तो बोट दाखवतोय, ती डोकं हलवतेय. मला भाषा नीट कळत नाही, नावं तेवढी कळत होती. गोठा आला तसा आवाज चढला. मोह. तो वर म्हणतोय, ती खाली. मी मधेच थांबवू का असं झालं.

मग दित्या थांबला. माझ्याकडे बघून मराठीत बोलायला लागला. मलाच सांगत होता, का तिला थेट सांगता येत नव्हतं म्हणून माझ्याकडे बघत होता, कोण जाणे.

"सर, आई खाली आल्यावर तिला कळेना गाव कुठलं. मोहाच्या दिवसांत पहाटे उठायची. टोपली घेऊन निघायची. वसाहतीत मोह कुठला? मी मागनं जायचो. तिला थांबवत नव्हतो. ती चालायची, मी चालायचो. उसाच्या कडेला जाऊन उभी राहायची, खाली बघायची. मग म्हणायची, यंदा फुलं कमी पडली. मी म्हणायचो, हो. मग घरी."

रु.बाई पडद्याकडेच बघत होत्या.

"हे मला कधी सांगितलं नाहीस," मराठीतच म्हणाल्या.

"तू आलीच नाहीस."

"तू वाट नाही बघितलीस."

"पाऊस थांबत नव्हता, बाई. आम्ही दोन दिवस..."

पडद्यावर नदी येऊन गेली होती, वाट संपून चित्र थांबलं होतं. पंखे चालू होते. मग रु.बाई उठल्या, एक पपई कापून आणली, तिघांना तीन फोडी. दित्यानं खाल्ली. दुपारच्या जीपनं गेला. ती पोचवायला रस्त्यापर्यंत गेली नाही. कुंपणापर्यंत गेली.

७ एप्रिल

काम केलं नाही. मशीन चालू ठेवून नुसता बसलो. उसाच्या कडेला उभी असलेली एक बाई डोळ्यांपुढून हलत नाही. तिला मी पाहिलेलंही नाही. तिचं चित्र करावं की करू नये कळत नाही. विचारायचं तरी कुणाला.

रेखाला फोनवर सगळं सांगितलं. मग म्हणाली, "त्या बहीणले एकटी ऱ्हाऊ देऊ नका आते." मी म्हटलं, माझ्या हातात काय आहे.

९ एप्रिल

दुपारी रु.बाई नेहमीच्या वेळेला आल्या, पण बसल्या नाहीत. कॉम्प्युटर चालू होता, तिकडे बघितलंही नाही. हातात तांदळाचं सूप, बोटं खडे शोधतायत.

"सर, तळोद्याची पहिली जीप कधी सुटते?"

"उजाडताच. भरली की निघते."

"आणि परतीची?"

"दुपारनंतर. कधी संध्याकाळी."

मान हलवली. दोन खडे काढून बाहेर टाकले. जाणार आहात का, असं विचारणार होतो, विचारलं नाही. त्या तशाच उभ्या, तांदूळ या बाजूचे त्या बाजूला करत. मग म्हणाल्या, "खाली उन्हाळा फार असतो ना?"

"फार."

"हं," म्हणाल्या, आणि सूप घेऊन गेल्या.