कर्जाचं कारण : मुलीचं लग्न

३ फेब्रु., मंगळवार
अकोल्याहून आत्ताच आलो. सौ.चं डायलिसिस चार तास, वर एसटीचे तीन. मंगळवार-शुक्रवार हेच. परतताना जागा मिळाली नाही. पातूरच्या घाटात तिला उभ्या-उभ्या उलटी झाली, पिशवी पुढे धरली. एक म्हातारी उठून जागा देऊ लागली, तर ही म्हणते, "बसा माय, आलंच आता मेडशी." आमचं गाव मेडशी कुठलं आलं होतं! घाटसुद्धा संपला नव्हता.
आता गाडी घ्यायचीच.

५ फेब्रु., गुरुवार
शाळेतून अर्धी रजा टाकून अकोल्याला गेलो. शकीलभाई दलालाकडे दिल्लीहून आणलेली जुनी पांढरी गाडी आहे. "डॉक्टरची होती, सर." दलालाकडची प्रत्येक गाडी डॉक्टरचीच असते. मागची सीट लांब आहे. आडवा होऊन पाहिलं, सौ.ला झोपून येता येईल. शकीलभाई हसला. हसू दे. बयाणा दिला.
बँकेत विचारलं. परराज्यातल्या नंबरवर कर्ज नाही म्हणे, आधी इकडचा नंबर करून आणा. शकीलभाई म्हणतो, "पैले पैसे, मंग नंबर." आधी कोंबडी की आधी अंडं. चौथीच्या पोरांना हसत-हसत घालतो हे कोडं.
सौ.ला सांगितलं नाही. "नको" म्हणण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

९ फेब्रु., सोमवार
आम्हा शिक्षकांच्या पतसंस्थेत गेलो. मॅनेजर भला माणूस. म्हणाला, "सर, बाहेरच्या जुन्या गाडीले आपल्या इथं कर्ज बसतच नाई. पोरगी हाये ना तुमाले? 'मुलीचे लग्न' लिवा. समदे तेच लिवतात. कोन पाह्यते?"
कारणाच्या रकान्यात लिहिलं. मनू अकोल्यात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वसतिगृहात आपली पुस्तकात डोकं घालून बसली असेल बिचारी. अक्षर मात्र सुरेख आलं, फळ्यावर येतं तसं.

१२ फेब्रु., गुरुवार
तीन लाख मंजूर, खात्यात जमा. जामीन राठोड सर. माझ्याच शाळेतले, जिवाभावाचे. न वाचताच सही केली असं मला वाटलं. शकीलभाईला सोमवारनंतर चेक देतो म्हटलं. आज फार दिवसांनी शीळ घातली. सौ. म्हणाली, "काय सापडलं तुमाले?" म्हटलं, काही नाही.

१३ फेब्रु., शुक्रवार
अकोल्याहून येऊन टेकलो, तोच राठोड वहिनी साखर घेऊन दारात. "मनूचं जमलं अन् आमाले सांगतलं बी नाई?" सरांनी सही करताना कारण वाचलं होतं तर. वहिनींनी सौ.च्या तोंडात साखर घातली.
मी तिथंच बोलायला हवं होतं. पण सौ.चा चेहरा! तीन वर्षांत असा पाहिला नव्हता. वहिनी गेल्यावर विचारलं, "कोन हाये पोरगा?" माझ्या तोंडून निघालं, "बोलनं चालू हाये."
गाढव आहे मी. सत्तावीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून सांगतोय.

१४ फेब्रु., शनिवार
सौ. सकाळी पेटी उघडून लुगडी मोजत बसली होती. जऊळक्याला भावाला फोनही केला. दुपारी तो दिनकर फोनवर माझ्यावर घसरला : "मामाले पुसल्याबिगर भाचीचं लग्न ठरवता, भाऊजी?" त्याचं चुकलं नाही. मामाशिवाय मुलीचं लग्न कुठं झालंय!
मग सगळं सांगितलं तिला. गाडी, दिल्ली, रकाना, सगळं. ऐकून घेतलं. लुगडी एकेक करून परत पेटीत ठेवली. रडली नाही, मीच रडलो.

१७ फेब्रु., मंगळवार
आज बसायला जागा मिळाली. खिडकीशी बसून सौ. सावकाश म्हणाली, "कर्ज तं भेटलं ना? मंग लग्नच करा."
म्हटलं, येडी झाली काय, तुझ्यासाठी हाये ते.
"माह्यासाठीच करा मनते मी. गाडीत बसून मी किती दिस येईन-जाईन? पोरीच्या लग्नात एक दिस बसली तं पुरे."
चेक खिशात होता. दवाखान्यासमोरून शकीलभाईचं दुकान दिसतं. गेलो नाही.

१९ फेब्रु., गुरुवार
सुट्टी. दिनकर आला, जऊळक्याचं स्थळ घेऊन. मुलगा शेती आणि खताचं दुकान बघतो. निर्व्यसनी. लग्नानंतर मनूला पुढं शिकू देणार का विचारलं, तर दिनकर म्हणाला, "थे मंग पाहू."
मनूला फोन केला. वाटलं भांडेल, भांडावं असं मनातून वाटत होतं. ती म्हणाली, "येऊ द्या त्यांना, बाबा. आईला नाही म्हणू नका."
"अन् तुह्यं शिक्षन?"
"आईचे रिपोर्ट मी वाचते बाबा. तुमाले समजत नाई थे मले समजते."
रिपोर्टात काय आहे ते विचारायची हिंमत झाली नाही.
शकीलभाईचा निरोप : मालेगावचं गिऱ्हाईक आहे, सोमवारपर्यंत थांबतो.

२२ फेब्रु., रविवार
पाहुणे येऊन गेले. पाय सुजलेले, तरी सौ. दीड तास खाली सतरंजीवर बसून होती. खुर्ची दिली, घेतली नाही. मनूने चहा दिला. कप हलला नाही, तिचा हात स्थिर आहे. चांगली नर्स होईल असं तिच्या मॅडम म्हणतात.
माणसं वाईट नाहीत. वाईट असती तर सोपं झालं असतं.
उठताना मुलाचे वडील म्हणाले, "आमाले पोरगी पसंत हाये. आता तारीख तुमी सांगा, सर."
सगळे माझ्याकडे बघू लागले. मनू दाराशी उभी होती, ती तेवढी खाली बघत होती. मी म्हटलं, "इचारून सांगतो."
ते गेल्यावर सौ. म्हणाली, "कोनाले इचारता आता?"