सुंद्रीची शेवटची ओळ

महानंदाच्या अप्पांस नमस्कार.

तुम्ही नोकरीवर परंड्याला गेलात आणि माळ्यावर कैलासवासी मामंजींची सुंद्री सापडली. सनईसारखीच, पण वीतभर. सासऱ्याच्या उष्ट्या वाद्याला सुनेनं तोंड लावलं म्हणाल, म्हणून दुपारी गोठ्यात चोरून शिकले. त्यांचंच भजन जमत गेलं.

आत्याबाईंना आता दिसत न्हाय. त्यांना वाटतं, मामंजीच येऊन वाजवतात. सूर ऐकल्याबिगर त्या जेवत न्हाईत. परवा म्हणाल्या, "भजन पुरं झालं की मला घेऊन जाणार हायत."

 शेवटची ओळ येते मला, पण तवापासून रोज मुद्दाम चुकते.

आज त्यांनी नवं लुगडं नेसलं, गोठ्याकडं तोंड केलं आणि ती ओळ स्वतःच गुणगुणून दाखवली.

तुमच्या घरची,
गुरव्वा