कपाटाला आलेली कंबर

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार. (बसमध्ये सहा तास उभा होतो, त्यामुळे वाकायला वेगळे कष्ट पडले नाहीत.) तुमचा गुडघा कसा आहे? आणि मामींचं डोकं शांत झालं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी कळवा, कारण नव्या घराची वरची खोली मला द्यायची की नाही हे त्याच डोक्यात ठरायचं आहे, आणि माझ्या सध्याच्या खोलीत पाय पसरले की दार उघडत नाही.

झाला प्रकार मामींच्या कानावर नीट जावा म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं घरसामान आमच्या मालवाहतुकीच्या यार्डात कंटेनरमध्ये भरलं. सगळं मावलं, मामींचं लोखंडी कपाट तेवढं राहिलं. (पहिल्या पगारातून घेतलेलं, तुमच्याही आधी त्यांच्या आयुष्यात आलेलं, असं त्या वरचेवर सांगतात.) ते ट्रेलरवर कंटेनरच्या मागे उभं केलं आणि कंटेनर बांधायचा पट्टा त्याच्याभोवती घेतला. हा पट्टा चार बोटं रुंद, पाच टनांची ओढ सोसणारा. त्याचा दांडा वरखाली केला की दर वेळी एक दात पुढे सरकतो आणि पट्टा आवळत जातो. कंटेनर बांधून बांधून हाताला थांबायची सवय राहत नाही, कारण कंटेनर कधी कुरकुरत नाही. कपाट कुरकुरलं, पण मला वाटलं, जुनं आहे, चालायचंच. एक दात, आणखी एक दात, मग ‘हा शेवटचा’ म्हणून आणखी तीन.

आमच्या यार्डाचा नियम असा की ज्याने पट्टा आवळला त्यानेच सोडायचा. म्हणून दांड्याला आपल्या नावाची चिठ्ठी बांधायची. (भलत्याने सोडला की दांडा उसळून तोंडावर येतो. आमच्या मुकादमाचे पुढचे दोन दात तसेच गेले.) गाडी तुमच्या दारात पोचली, चिठ्ठीवर माझं नाव, आणि ड्रायव्हर पडला नियमाचा पक्का. त्याने पट्ट्याला हात न लावता जेवणाचा डबा उघडला, आणि मी बसने येईपर्यंत ट्रेलर गल्ली अडवून उभा. त्या निमित्ताने सगळ्या शेजाऱ्यांशी तुमची एका दिवसात ओळख झाली, हेही नसे थोडके.

मी पट्टा सोडला तेव्हा कपाटाने चक्क उसासा टाकला. वर कपाट, खाली कपाट, मध्ये कंबर. दार ना धड उघडेल, ना लागेल. मामी जवळ आल्या. त्या खळग्यावरून हात फिरवला आणि आत गेल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला खरंच फार वाईट वाटलं, आणि मी पाणीही न पिता तिथून काढता पाय घेतला. मामी, चूक सर्वस्वी माझी. मामा बिचारे शिंपी माणूस, मापाचे पक्के, ‘अरे हळू, हळू’ म्हणत होते. मीच अतिशहाणा. मला माफ करा.

आपला,
अतिशहाणा भाचा

ता. क. मामा, ठरल्याप्रमाणे सगळं अंगावर घेतलं आहे. दांडा तुम्ही ओढत होता आणि ‘हळू’ मी म्हणत होतो, एवढी अदलाबदल सोडली तर पत्र शब्द न् शब्द खरं आहे. (बाहेरच्या माणसाने पट्ट्याला हात लावायचा नाही, म्हणून चिठ्ठी माझ्या नावाची. पण शिंप्याच्या हाती पट्टा दिला की तो कंबर काढणारच, हे मला कळायला हवं होतं.) बदल्यात वरची खोली मिळवून द्यायचा शब्द तुम्ही दिलात. पण कपाटाची वाट लावणाऱ्याला मामी खोली कशाला देतील, हे तेव्हा आपल्या दोघांनाही सुचलं नाही. मला परतीच्या बसमध्ये सुचलं. असो. एवढा ता. क. कापून टाका आणि मगच पत्र मामींना दाखवा.

ता. ता. क. कापताना जपून. माफीचा मजकूर याच कागदाच्या बरोबर पाठीमागे आला आहे. हे कापलंत की तीही गेली. नुसत्या माफीचं दुसरं पत्र हवं असेल तर आनंदाने लिहून देईन, पण वरच्या खोलीत बसून. इथे कागद पसरायला जागा नाही.